विटेचा वाटा

2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीच्या घाटावर थांबलं नाही, गावात शिरलं. देवळात पाणी आलं की वाडीकर पर्वणी मानून दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी धावतात. दुकानात आलं की हात कपाळाला जातो. अण्णा नावाच्या एका पेढेवाल्यांची बासुंदीची भट्टी त्या पुरात कित्येक दिवस बुडून होती.

पाणी ओसरलं, गाळ उपसला. म्हाताऱ्या अण्णांनी भट्टीत चार शेणी पेटवल्या, वर दोन काटक्या ठेवल्या आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. त्यांचा पुतण्या शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, मदतीला रजा काढून आलेला. त्याला हे बघवेना.

"अण्णा, एवढ्या जाळानं काय होणार? निम्मं जळण ही भट्टीची वीटच खातीय. किलोमागं लोखंडाच्या दुप्पट उष्णता लागते हिला."

हिशेब खरा होता. किलोभर लोखंड एका अंशाने तापायला साधारण 0.45 किलोज्यूल लागतात, अग्निविटेला 0.85 च्या आसपास. आणि वीट तापत जाईल तशी तिची मागणी आणखी वाढते. पण भिजल्या विटेचा हिशेब त्याने केला नव्हता.

रात्री अण्णा झोपल्यावर त्याने भट्टी लाकडांनी गच्च भरली. तासाभरात आतून फट् फट् आवाज आले. सकाळी दोन विटांचे दर्शनी पापुद्रे राखेत पडलेले होते आणि उरलेला गाभा अजून ओलसर, काळपट दिसत होता.

अण्णांनी पापुद्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "शिरोलीत लेडलला नवं लायनिंग केलं की लगेच लोखंडाचा रस ओतता काय रे?"

"छे! आधी मंद आचेवर वाळवतो, मग तापवतो. ओल राहिली तर रस उसळतो, माणूस भाजतो."

"मग ही काय परकी होती?"

पुतण्याला उत्तर सुचलं नाही.

चार किलोची वीट अर्ध्या लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. तेवढं पाणी उडवायला लागणाऱ्या उष्णतेत तीच वीट कोरडी असती तर तीनशेहून जास्त अंशांनी तापली असती. शिवाय पाण्याची वाफ सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. सावकाश तापवलं तर ती छिद्रांतून निघून जाते, घाई केली तर वीट फोडून निघते. आणि जिला खादाड म्हणून बोल लावला, त्याच विटेवर बासुंदी उभी असते. पोटात साठवलेली उष्णता ती विस्तव ओढून घेतल्यावरही सोडत राहते, म्हणून दूध करपत नाही, संथ आटतं.

पुतण्याने दोन नव्या विटा स्वतः बसवल्या, आणि पुढचे दिवस शेणीही त्यानेच घातल्या. गुरुद्वादशीला कढई चढली.

पुरात भिजलेली भट्टी असो वा तंदूर, पुन्हा पेटवताना घाई करू नका. विटांतून ओल निघत आहे तोवर आच मंदच ठेवा.