सोडून दिलेल्या शत्रूचे गुण किती?

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांच्या मुलखात घरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. धार जिल्ह्यात मान नदीच्या काठी मनावर हे गाव आहे. तेथे माझी धाकटी बहीण राहते. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे आठ दिवस मुक्कामास होतो. निमाडचे ऊन असे, की दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. त्या वेळी माझा १४ वर्षांचा भाचा थोरल्या भावाच्या लॅपटॉपवर खेळत बसे, आणि मी, शब्बाथशाळेचा जुना शिक्षक, शेजारी बसून पाहत असे. त्या दुपारी त्याने मला एक प्रश्न विचारला. तो मी येथे मांडतो, कारण तो केवळ खेळाचा नाही.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन प्रवासाला निघतो. या प्रकाराचा पाया १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने घातला. त्यात संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य. टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळण्याचा एक छंद होता, त्यातून हा खेळ निघाला. म्हणून लढाईचा हिशेब त्याच्या हाडीमाशी आहे. प्रत्येक पात्राला जीवाचे ठरावीक गुण असतात. वार बसला की ते कमी होतात, आणि शून्य झाले की मरण. शत्रूला मारले किंवा खजिना मिळवला की अनुभवाचे गुण मिळतात. ते पुरेसे साठले की पात्राची पायरी, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘लेव्हल’, वाढते. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने हीच रीत घरोघरच्या टीव्हीवर नेली. तेथे माळावरून चालताना अचानक शत्रू समोर उभा राहतो. एक वार आपला, एक वार त्याचा. तो कोठून आला, त्याच्या घरी कोण आहे, हे कोणी विचारीत नाही. तो मरतो, आणि आपला आकडा वाढतो.

यात पाप आहे काय? खेळात कोणाचा जीव जात नाही, हे उघड आहे. बुद्धिबळातही आपण हत्ती, घोडे आणि प्यादी मारतोच. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी या खेळांना सैतानी ठरवून मोठी ओरड केली होती. खेळातील भुते आणि मंत्रतंत्र पाहून ते आईबाप घाबरले. मला वाटते, त्यांची काळजी खरी होती, पण नजर चुकीच्या जागी होती. भुतांच्या नावांकडे त्यांनी पाहिले. हिशेबाच्या वहीकडे पाहिले नाही. मारणे म्हणजेच वाढणे, असे ती वही मुकाट्याने सांगत असते.

माझा भाचा खेळत होता तो ‘अंडरटेल’ नावाचा खेळ. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो बहुतांशी एकट्याने तयार केला आणि २०१५ साली प्रसिद्ध केला. यात समोर आलेल्या प्रत्येकाशी लढता येते, तसेच त्याच्याशी बोलून, त्याला समजून घेऊन, दया करून सोडूनही देता येते. मात्र सोडले तर अनुभवाचा एकही गुण मिळत नाही. शेवटपर्यंत कोणालाच मारले नाही, तर खेळणारा पहिल्याच पायरीवर, जीवाच्या २० गुणांवर राहतो. पुढचे वार जड असतात आणि अंगी बळ वाढलेले नसते.

भाच्याने एका शत्रूला सोडले, आकड्याकडे पाहिले आणि मला म्हणाला, “मामा, सोडून दिलं तर लेव्हल वाढतच नाही. मग चांगलं वागायचं कशाला?”

मी उत्तर देणार तोच मला माझ्या वर्गातील भिंतीवरचा तक्ता आठवला. हजेरीला एक तारा, वचन पाठ केले की दोन तारे, वर्षअखेर बक्षीस. मीही मुलांना हेच शिकवीत आलो होतो, की चांगले वागा म्हणजे आकडा वाढेल. माझे तोंड बंद झाले.

गुण चांगुलपणाला द्यावेत, म्हणजे प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. रिचर्ड गॅरियट याने १९८५ साली ‘अल्टिमा’ मालिकेच्या चौथ्या खेळात तसे केले होते. त्यात शेवटी कोणा महादुष्टाला ठार करायचे नसून करुणा, प्रामाणिकपणा, नम्रता अशा आठ सद्गुणांत पूर्ण व्हायचे असते. पळणाऱ्या शत्रूवर वार केला तर उणे. भिकाऱ्याला नाणे दिले तर करुणा वाढते. प्रयत्न थोर आहे. परंतु नाणे देणाऱ्या मुलाची नजर भिकाऱ्यावर असते, की आकड्यावर?

संध्याकाळी मी भाच्याला पहिल्या शमुवेलाचा २४ वा अध्याय काढायला सांगितला. एन-गेदीच्या गुहेत शौल दाविदाच्या हाती सापडला. सोबतचे लोक म्हणत होते की हीच संधी आहे. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला आणि त्याला जाऊ दिले. आता गुण मोजू. शौल आपल्या घरी गेला, आणि दावीद पुन्हा गडावर लपायला गेला. राज्य मिळाले नाही, वनवास संपला नाही. त्याची लेव्हल वाढली नाही. एवढेच नव्हे, तर पुढच्याच अध्यायात तो ४०० माणसे घेऊन नाबालाच्या घरावर तलवार उपसून निघतो, आणि अबीगईल आडवी आली म्हणून रक्तपात टळतो. दया ही एकदा मिळवून साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. प्रत्येक वेळी ती नव्याने निवडावी लागते.

“मग दाविदाला काय मिळालं, मामा?”

मी त्याला त्याच अध्यायातील पाचवी ओवी पुन्हा वाचायला लावली. झग्याचा नुसता काठ कापला, तरी दाविदाचे मन त्याला खाऊ लागले. शत्रूच्या कापडाला लावलेल्या कात्रीनेही टोचणारे असे मन त्याच्यापाशी शिल्लक राहिले. ‘अंडरटेल’मध्येही शेवटी उलगडा होतो, की ज्यांना आपण अनुभवाचे गुण समजत होतो ते ठार मारल्याचे गुण होते, आणि पायरी जितकी वाढते तितके दुसऱ्याला दुखवणे सोपे होत जाते. शंभरावा शत्रू मारताना मन टोचत नाही. ते न टोचणे हेच त्या बळाचे मोल.

भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळला, आणि मी त्याला अडवले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांचे खेळ हिसकावून घेण्यापूर्वी त्यांच्या शेजारी बसून ते एकदा पाहा, आणि विचारा, “ज्याला मारलंस तो कोण होता?” मग आपल्या भिंतीवरच्या तक्त्याकडेही पाहा. परत आल्यावर मी माझा तक्ता उतरवला. पहिल्या रविवारी दोन मुले वर्गाला आली नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो.