यादीतलं नाव

२०१३ सालची सुरुवात. आमच्या माण-खटावात पाण्याचे टँकर आणि जनावरांच्या छावण्या, एवढंच जग उरलं होतं. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होतो. लायब्ररीत एक पोरगा रोज दिसायचा. दुपारी बाकीचे डबे सोडायचे, हा माठातलं दोन पेले पाणी पिऊन परत पुस्तकात डोकं घालायचा.

"जेवलास का रे?" एकदा विचारलं.

"आज उपास हाय सर."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी उपासच. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं. आईबाप जनावरं घेऊन छावणीत राहायला गेलेले. घराला कुलूप. सकाळच्या एस.टी.नं येणारा डबा बंद झालेला आणि खानावळीला पैसे नाहीत. अशी पोरं एक नव्हती, बरीच निघाली.

स्टाफरूममध्ये विषय काढला. त्याच वर्षी आम्ही प्राध्यापक मंडळी पगाराच्या थकबाकीसाठी भांडत होतो, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं झालं. पण पैसे जमले. क्लार्कनं दिले, शिपायानंही शंभराची नोट पुढं केली. खानावळवाल्या मावशी कमी दरात ताट द्यायला कबूल झाल्या.

इथवर सगळं ठीक होतं. मग एकजण म्हणाले, "खरा गरजू कोण ते ठरवायला नको? फुकटे सोकावतील." मला पटलं. अर्ज मागवले, तलाठ्याचा दाखला मागितला, आणि निवडलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लावली. खाली सही माझी.

यादीत सतरा नावं. दुसऱ्या दिवशी जेवायला आले पाच.

संध्याकाळी तो पोरगा घरी आला. दारातच उभा राहिला. "सर, माझं नाव तेवढं काढा."

"का रे?"

"बहिणीचं जमतंय. पाव्हण्यांचा पोरगा आपल्याच कॉलेजात हाय."

मला काही बोलता येईना. मी बहात्तरच्या दुष्काळात वाढलेला माणूस. आई खडी फोडायला जायची. सुकडीच्या रांगेत मात्र आम्हा पोरांना पाठवायची, स्वतः कधी उभी राहिली नाही. हे सगळं ठाऊक असून मी त्या पोराची भूक चारचौघांत टांगली होती.

रात्रीच यादी फाडली. मावशींना सांगायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, "पोरं जेवायला येत्यात सर, का कागद दाखवायला? समद्यास्नी एकसारखं कार्ड द्या. पैसं भरणाऱ्यालाबी तेच आन् न भरणाऱ्यालाबी तेच. हिशोब माझ्या वहीत राहील."

तसंच केलं. हळूहळू पोरं आली. त्यात दोघं-तिघं असेही जेवून गेले असतील ज्यांची तेवढी नड नव्हती. पूर्वी मला त्याचा राग आला असता. आता वाटतं, लबाडानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या तर आपलं थोडं पैशाचं नुकसान होतं. लाजेनं एक पोरगा उपाशी राहिला तर नुकसान त्याचं होतं, आणि ते भरून देता येत नाही. या दोन्हींत चूक करायचीच असेल तर पहिली करावी.

साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आमच्याकडं घरोघरी सांगतात. बाईंचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या दागिन्यांवर कोणकोणती पोरं जेवली, त्यांची नावं मात्र त्या गोष्टीत येत नाहीत. असंच असायला हवं. देणाराचं नाव राहिलं तरी चालेल. घेणाराचं राहू नये.

तो पोरगा पुन्हा जेवायला आला नाही. कार्ड मी स्वतः त्याच्या खोलीवर नेऊन दिलं, त्यानं नमस्कार करून घेतलं, पण वापरलं नाही. परीक्षेला आला, पास झाला. पुढं काय झालं, माहीत नाही. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी त्या जेवणाच्या योजनेचा उल्लेख केला, टाळ्या झाल्या. मला मात्र बोर्डावरची ती यादी दिसत होती, आणि खालची माझी सही.