दृष्टि आणि दृश्य

अश्लीलता पाहिलेल्या वस्तूंत असते, कीं पाहणाराच्या दृष्टींत, हा वाद पुरातन आहे. २०१८ च्या मार्च महिन्यांत केरळांतील ‘गृहलक्ष्मी’ या नियतकालिकानें मुलाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचें चित्र मुखपृष्ठावर छापलें, तेव्हां त्या वादास नवें निमित्त मिळालें. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. चित्रांत अश्लील असें कांहीं दिसत नाहीं, असा न्यायालयानें निर्वाळा दिला.

या प्रश्नाचा विचार करतांना नेत्रशास्त्रांतील एक दृष्टान्त उपयोगी पडतो. डोळा म्हणजे प्रकाश मोजणारें यंत्र, असा आपला समज असतो. परंतु कफलर यांनीं मांजराच्या डोळ्यावर केलेल्या प्रयोगांवरून १९५३ सालीं असें दाखविलें कीं, नेत्रपटलांतील कित्येक पेशी मध्यभागीं पडलेल्या उजेडानें चेततात, आणि सभोंवारच्या उजेडानें त्याच दबतात. म्हणजे प्रकाशाचें मान न कळवितां त्या मुख्यतः भोंवतालाशीं असलेला फरक कळवितात. म्हणूनच एकच करडा ठिपका काळ्या कागदावर उजळ आणि पांढऱ्यावर मळकट दिसतो.

आपला नैतिक निवाडाहि बहुधा असाच असतो. तीच माता माजघरांत वात्सल्यमूर्ति ठरते आणि आगगाडीच्या डब्यांत निर्लज्ज! फरक पडला तो भोंवतालच्या परिस्थितींत. बाळाच्या भुकेंत नव्हे. मर्यादा स्थलकालानुरूप असते, असें कोणी म्हणेल. तें खोटें नाहीं. परंतु जिचें मोल रडणाऱ्या अर्भकानें द्यावें, ती मर्यादा कसली?

डोळ्याचें कार्य मात्र तेवढ्यावर संपत नाहीं. नेत्रपटलांतील थोड्या पेशी मेलॅनॉप्सिन या द्रव्याच्या योगानें स्वतःच प्रकाश ग्रहण करतात, असें २००२ सालीं सिद्ध झालें. चित्र रेखाटणें हें त्यांचें मुख्य काम नव्हे. एकंदर उजेड किती, हें सांगून त्या बाहुलीचा संकोच आणि शरीराचें दिनमान सांभाळतात. उपमा म्हणजे प्रमाण नव्हे, हें खरें. तरी सदसद्विवेकानें असेंच असावें. भोंवतालीं काय शोभतें यापेक्षां मुळांत काय आहे, हें त्यानें पाहावें.

जेथें मुलास नेण्याची मुभा आहे अशा सार्वजनिक जागीं दोन वर्षांखालील मुलास दूध पाजण्यास आडकाठी करणें, हा स्कॉटलंडनें २००५ सालीं गुन्हा ठरविला. आपल्याकडे एस्टीच्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ निघाले. ज्या मातेस निवांतपणा हवा, तिला ती सोय इष्टच आहे. पण सोय ती सक्ति होऊं नये. रायगडाचे दरवाजे मिटले असतां जी गवळण तान्ह्यासाठीं कडा उतरून गेली असें सांगतात, तिचें नांव आपण त्या खोलीस दिलें आहे. त्याच नांवानें कोणा मातेस दाराआड लोटणें कितपत उचित, याचा वाचकांनींच विचार करावा.