सुई तापवू नकोस

बुलढाणा

चि. भाच्यास,


पत्र पोचलं, आजोबांच्या दोन्ही वस्तऱ्यांचे फोटोही. आधी ती सुई खाली ठेव बाप्पा. तापली सुई टोचली की हस्तिदंत आहे की नाही ते कळतं, असं सांगणारे गावोगाव आहेत. मूठ सेल्युलॉइडची असली तर भडकन पेटेल. हस्तिदंती असली तर तिला जन्माचा काळा डाग. सेल्युलॉइड म्हणजे आम्लात मुरवलेला कापूस आणि कापूर. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताऐवजी काय वापरावं याच्या शोधात अमेरिकेतल्या जॉन हायटने १८७०च्या सुमारास ते बाजारात आणलं. कापसाच्या बाजारात वाढलेल्या खामगावकराने तरी ते आगीजवळ नेऊ नये!

तू म्हणतोस तशा ‘जाळीदार रेषा’ मुठीच्या सपाट अंगावर शोधत बसू नकोस. त्या फक्त दात आडवा कापला तरच दिसतात, आणि वस्तऱ्याच्या मुठीच्या पट्ट्या दाताच्या लांबीने कापलेल्या असतात. चांदीच्या पेढीवरून दहापट दाखवणारं भिंग माग आणि मुठीचं टोक बघ, जिथे पट्टीची जाडी उघडी पडते. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसल्या तर हस्तिदंताचा संशय पक्का. पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड, म्हणून उजेड तिरपा धर आणि घाई करू नकोस. सपाट अंगावर दिसतील त्या लांबट, किंचित नागमोडी रेषा, कुठे दाट, कुठे विरून जाणाऱ्या. त्याच रेषा आखल्यासारख्या सरळ आणि सारख्या अंतरावर असतील तर ते कारखान्याचं काम. हस्तिदंताची नक्कल विकणारे लोक सेल्युलॉइडमध्ये रेषासुद्धा मुद्दाम घालत.

हाड त्याहून सोपं. भिंगाखाली बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. जनावराच्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या त्या वाटा. वर्षानुवर्षांचा मळ त्यांत बसलेला असतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा कुणा दुकानदाराकडे असेलच. त्याच्या उजेडात हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे चमकतात, प्लास्टिक बहुधा निस्तेज राहतं. म्हणजे दिव्याने प्लास्टिक वगळता येतं, पण हाड की दात हा निवाडा भिंगानेच करायचा. पिवळेपणावर मात्र जाऊ नकोस, सेल्युलॉइडही पिवळं पडतं.

पात्याच्या बुडाशी काय कोरलंय तेही वाच. शेफिल्डच्या मालावर ‘इंग्लंड’ हे नाव १८९०च्या अमेरिकन जकात कायद्यानंतर सर्रास येऊ लागलं. देशाचं नाव नसेल तर पातं बहुधा त्याआधीचं. मूठ मात्र तितकीच जुनी असेलच असं नाही. मूठ तुटली म्हणून कुणी चांगलं पोलाद टाकून देत नसे. शिंगाची, लाकडाची, मिळेल ती बसवून घेत.

तुझ्या दुसऱ्या वस्तऱ्याचा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. पात्याचा जो भाग मिटल्यावर मुठीत जातो तेवढाच गंजून खड्डे पडलेत, आणि खिळ्यांभोवती हिरवट डाग आहे. ही सेल्युलॉइड कुजल्याची खूण. कुजताना त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती जवळच्या लोखंडालाही खाते. तो आजच्या आज पेटीतून वेगळा काढ आणि हवेशीर जागी, चुलीपासून लांब ठेव. पहिल्याच्या पात्याला तेलाचा हात फिरव. मुठीला पाणी, ऊन दोन्ही नको.

आता भावाचं. ‘हस्तिदंत निघाला तर सोनं झालं’ असं लिहिलंयस. नेमकं उलट आहे. मूठ नकली निघाली तर वस्तरा हवा त्याला वीक, कुणी विचारणार नाही. खरी निघाली तर विकता येणार नाही, विकायला आहे म्हणून फोटोही टाकता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९८६च्या दुरुस्तीने देशी हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला, १९९१मध्ये आफ्रिकी दाताचाही, आणि २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. शिक्षा तीन ते सात वर्षं, वर किमान पंचवीस हजार दंड. वस्तू शंभर वर्षांची आहे म्हणून सूट मिळेल, ही विलायतेतली ऐकीव गोष्ट इथे लावू नकोस. तू लिहिलेलं ते अकोल्याचं गिऱ्हाईक ‘मॅमथचा दात लिहू, चालतं’ म्हणतं ना? नाही चालत. २००३मध्येच न्यायालयाने मॅमथचा दातही बंदीत धरला.

वारशाने आलेली वस्तू ठेवता येते, पण गुपचूप नाही. वारसा आल्यापासून नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी कळवावं लागतं. त्यांचं कार्यालय नागपूरला. आजोबांनी मालकीचं प्रमाणपत्र काढलं होतं का, ते त्यांच्या कागदांत आधी शोध. नसेल तर वकिलाला विचारून मग इथल्या वनविभागाच्या कार्यालयात ये, मी बरोबर येतो. वस्तरा आणू नकोस, फोटो आण.

आणि भिंगाखाली काळे ठिपके दिसले, हाडच निघालं, तर अकोल्याला नेऊ नकोस. मी घेतो. माझ्या दाढीला ते पोलाद चालेल.

तुझा,
मामा