मागता न येणाऱ्याचे मागणे

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याकडे एक पाहुणा हमखास येतो. दहा वाजून गेलेले असतात, गल्लीतल्या पोरांचे फटाके संपत आलेले असतात, आणि फाटकाची कडी वाजते. अंगावर खाकी, टोपी काखेत. "बसत नाही गुरुजी, बजाज चौकात ड्यूटी हाये," असे म्हणत तो उभ्याउभ्याच दोन चकल्या आणि एक अनारसा संपवतो, माझ्या पत्नीच्या पाया पडतो आणि जातो. शाळेत असताना तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. त्याचे नाव मी सांगत नाही. पोलीस शिपायाचे नाव कुठे छापून आले की त्याला त्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि माझ्या हौसेपायी त्याने तो का द्यावा?

त्याची गोष्ट तशी साधी आहे. २००५ साली पोलीस भरतीची जाहिरात निघाली, त्याने आणि त्याच्या गावच्या एका मित्राने अर्ज केला. दोघेही धावले, दोघांनीही लेखी परीक्षा दिली, दोघांचीही नावे एकाच यादीत लागली. मित्र ऑक्टोबरात रुजू झाला. याचा चारित्र्य पडताळणीचा कागद मात्र एका कचेरीत कुणाच्या तरी फायलीखाली राहिला आणि हा नोव्हेंबरच्या मध्यावर रुजू झाला. महिनाभराचा उशीर, त्या वेळी कुणाला त्याचे काही वाटले नाही. आईने सत्यनारायण घातला, मला पेढे दिले.

पण त्या महिन्याच्या पोटात एक तारीख होती. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या सेवेत येणाऱ्याला जुने निवृत्तिवेतन नाही, असा निर्णय आदल्याच दिवशी निघाला होता. जुन्या नियमात माणूस पुरेशी सेवा करून निवृत्त झाला की शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम त्याला मरेपर्यंत मिळते, महागाई वाढली की भत्ता वाढतो, आणि त्याच्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. नव्या नियमात पगारातून दरमहा वर्गणी कापायची, सरकारने आपली भर घालायची, आणि म्हातारपणी हाती काय येईल ते बाजाराच्या चढउतारावर सोडायचे. एका यादीतल्या, एका पट्टीने मोजलेल्या दोन छात्यांपैकी एकीला आयुष्यभराची हमी आणि दुसरीला बाजाराचा भाव, आणि मधे एक पडून राहिलेला कागद!

आम्हा वर्धेकरांना १ नोव्हेंबर ही तारीख वेगळ्या कारणासाठी आठवते. १९५६ साली याच दिवशी आमचा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारे जमादार राहात. इंग्रजांच्या अमदानीत, नागपूरच्या सरकारच्या हाताखाली ते भरती झालेले. त्यांच्या नोकरीत मालक किती वेळा बदलला ते बोटांवर मोजून सांगायची त्यांना सवय होती. झेंडा बदलला, राजधानी नागपूरहून मुंबईला हलली, पण सेवा अखंड धरली गेली आणि निवृत्तिवेतन सुटले नाही. याच जिल्ह्यात आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोक आणि पोलीस समोरासमोर आले, दोन्हीकडची माणसे मेली. पुढे १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले. पण म्हणून त्यांच्यावर लाठी उगारणाऱ्या सरकारने आपल्या शिपायांना दिलेला शब्द स्वतंत्र देशाने मोडला नाही. परक्याने दिलेला शब्दही आपण पाळला, याचे मला लहानपणी नवल वाटत नसे. आता वाटते.

कारण निवृत्तिवेतन ही चीज काय आहे, हा प्रश्न तिथे येतो. ते जर सरकारचे दान असेल, तर दात्याने हात कधी आखडता घ्यावा हे याचकाने विचारू नये. परंतु आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही दानाची कल्पना १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात आणि पुन्हा १९८२ च्या डिसेंबरात नकारा खटल्यात मोडीत काढली. नकारा खटल्यातही वाद तारखेचाच होता. ३१ मार्च १९७९ च्या अलीकडे निवृत्त झालेल्यांना वाढीव निवृत्तिवेतन आणि पलीकडच्यांना नाही, ही रेघ न्यायालयाने मनमानी ठरवून पुसली. मला स्वतःला निवृत्तिवेतन हा मागे ठेवून दिलेला पगार वाटतो. शिपायाच्या बाबतीत तर त्याहून थोडे अधिक. विसाव्या वर्षी तो भरती होतो तेव्हा चाळिसाव्या वर्षीच्या एखाद्या दंगलीत उभे राहण्याचे वचन तो आगाऊ देऊन टाकतो. दगड यायला लागल्यावर त्याला घासाघीस करता येत नाही. समोरच्यानेही काही आगाऊ द्यायला नको का?

आणि इथे माझ्या मनातली खरी अडचण सुरू होते. मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. १४ तारखेला सुरू झालेला संप २० तारखेला मिटला. आमच्या गावीही मोर्चा निघाला. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा मी माझ्या ओट्यावरून ऐकली. मोर्च्याच्या कडेने बंदोबस्ताला माझा विद्यार्थी काठी घेऊन चालत होता. संध्याकाळी भेटला तेव्हा मी त्याला चिडवायला म्हणून विचारले, काय रे, घोषणा कशा काय होत्या? तो म्हणाला, "घोषणा तं माह्याच होत्या गुरुजी, आवाज तेवढा दुसऱ्याचा."

हसून म्हणाला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पोलिसाला संप करता येत नाही. १९६६ च्या कायद्याने परवानगीवाचून संघटना करता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. १९८२ साली मुंबईच्या पोलिसांनी बंड केले ते मोडले गेले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. हे बंधन मला चूक वाटत नाही. हातात शस्त्र असलेल्याने मागणीसाठी रस्त्यावर यावे, असे कोणता शहाणा नागरिक म्हणेल? पण ज्याच्या तोंडाला आपण आपल्या सुखासाठी कुलूप लावले, त्याच्या कागदातली चूक शोधायचे काम मग कुणाचे? इतरांची चूक ते स्वतः ओरडून दाखवतात. याची चूक आपणहून पाहिली नाही तर ती दिसायचीच नाही.

हे सगळे मी माझ्या धाकट्या भावाला ऐकवले. तो देवळीकडे कापूस पिकवतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शिपायाले म्हातारपणी अर्धा पगार, तुले बी अर्धा पगार. मले काय?" मी गप्प झालो. या जिल्ह्यात कापसाने किती घरांत काळोख केला ते मला माहीत आहे, आणि माझ्या खात्यात दर महिन्याला जे जमा होते त्यात त्याच्यासारख्यांचा कर आहे हेही. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो की त्याला काही मिळत नाही म्हणून दुसऱ्याला दिलेला शब्द मोडावा, याने त्याच्या ताटात काही पडणार नाही. तो म्हणाला, "हे खरं. पण आपल्या गावच्या पोलीस पाटलाचं काय?" तेही खरेच होते. १९६७ च्या कायद्याने नेमलेला हा माणूस, खून झाला की रात्री सर्वांत आधी तिथे पोचतो. २०२४ पासून त्याला महिना पंधरा हजार मानधन आहे. साठाव्या वर्षी तो घरी जातो, निवृत्तिवेतनाशिवाय. त्याच्यासाठी तर मोर्च्याच्या कडेला चालण्याचीही सोय नाही.

माझ्या विद्यार्थ्याची चूक मात्र दुरुस्त झाली. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुने निवृत्तिवेतन निवडण्याची एक वेळची संधी मिळाली. केंद्राने असाच निर्णय मार्च २०२३ मध्ये घेतला होता. म्हणजे शब्द दिला जातो तो जाहिरातीच्या दिवशी, हे सरकारने मान्य केले. विकल्पाचा अर्ज घेऊन तो उन्हाळ्यात माझ्याकडे आला. जाहिरातीचे कात्रण त्याच्या आईने देवघरातल्या पोथीत जपून ठेवले होते, पिवळे पडलेले. अठरा वर्षे त्या बाईने ते कशासाठी ठेवले असेल कोण जाणे. आम्ही दोघांनी मिळून अर्ज भरला, आणि सहीच्या जागी त्याने शाळेत काढायचा तशीच वाकडी रेघ काढली.

जाहिरातच नंतरची ज्यांची, ते रेघेच्या पलीकडेच राहिले. २०२४ च्या ऑगस्टात केंद्राने निम्म्या पगाराची हमी देणारी एकीकृत योजना आणली, महाराष्ट्राने ती स्वीकारायचे ठरवले, तेव्हा त्यांनाही काहीतरी आधार मिळेल. पण त्यांच्याबद्दलची रेघ बरोबर होती की नाही, या प्रश्नावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला तो आला तेव्हा फाटकापाशी मोटारसायकलवर कुणीतरी बसलेले दिसले. "आत बोलाव की त्याला," पत्नी म्हणाली. "नाही काकू, गाडीपाशी एकानं थांबा लागते. माह्या नंतरच्या भरतीचा हाये, दोन हजार सातचा." त्याने आपल्या चकल्या खाल्ल्या, पाया पडला, आणि निघताना दाराशी जरा घुटमळला. मग म्हणाला, "त्याच्यासाठी बी दोन बांधून द्या."