चुकलेल्या नेमांचा धनी

मोझेस मलोनचं नाव निघालं की बास्केटबॉलच्या गप्पांत कोणीतरी हमखास म्हणतंच: "तो आपलेच शॉट चुकवायचा आणि आपणच उचलायचा. मग रीबाउंड वाढणार नाहीत तर काय?" त्यावर सगळे हसतात आणि विषय पुढे सरकतो. पण हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रीबाउंड म्हणजे आकडे फुगवण्याची युक्ती आणि चुकलेला बॉल पकडणं म्हणजे हमाली, अशी दोन गृहीतं त्यात दडलेली आहेत. वीसेक वर्षांची एक कारकीर्द त्या एका शेऱ्याने निकालात निघते.

रीबाउंड म्हणजे काय आणि तो का मोलाचा, हे इथे नव्याने सांगायला नको. डेनिस रॉडमनचे रंगवलेले केस, त्याने सलग सात हंगाम पटकावलेला रीबाउंडचा पहिला क्रमांक, जॉर्डनच्या शिकागोबरोबरची तीन विजेतेपदं, हे सगळं पुष्कळांना पाठ आहे. मलोनच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही. १९७९, १९८२ आणि १९८३ असा तीनदा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सहा वेळा रीबाउंडमध्ये पहिला आला, तरी थोर सेंटरांची नावं घेताना लोक रसेल, चेंबरलेन, अब्दुल-जब्बार, ओलाजुवॉन असं म्हणत पुढे जातात आणि मधे कोणीतरी राहून गेल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही.

आधी त्या शेऱ्याचा हिशेब करू. १९७८–७९ च्या हंगामात ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळताना मलोनने ५८७ ऑफेन्सिव्ह रीबाउंड घेतले. आपल्या संघाचा शॉट चुकल्यावर परत मिळवलेले हे बॉल. एका हंगामात इतके आजवर कोणालाही जमलेले नाहीत. त्या वर्षी त्याने १,३२५ शॉट मारले, त्यातले ७१६ आत गेले आणि ६०९ चुकले. म्हणजे शेरा खरा मानायचा तर स्वतःचे जवळजवळ सगळेच चुकलेले शॉट त्याने स्वतःच झेलले असं म्हणावं लागेल, आणि ते कोणत्याही माणसाला शक्य नाही. शिवाय शंभरातले चौपन्न शॉट आत घालणारा माणूस मुद्दाम चुकवतो कधी? ५८७ पैकी बरेचसे बॉल उघडच सहकाऱ्यांच्या हातून सुटून वाया जाणारे होते.

ते तो मिळवायचा कसा, हे थोडं जवळून पाहायला हवं. शॉट सुटायच्या आधीच बचाव करणारा सेंटर मलोनला पाठीवर घेऊन रिंगसमोर उभा राहायचा. प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या महिन्यात शिकवतो तसा बॉक्स आउट. दुसरा कोणी असता तर समोरूनच रेटारेटी करत राहिला असता. मलोन बेसलाइनकडे सरकायचा, पार बॅकबोर्डच्या खाली, जिथून बॉल मिळण्याची शक्यता नाही असं बचाव करणाऱ्यालाही वाटावं. बॉल हवेत असताना तो तिथून उलट, पाठमोरा, बाहेरच्या दिशेने यायचा आणि कंबरेखालच्या जोराने त्या सेंटरला रिंगपासून दूर ढकलत न्यायचा. आता आतली जागा मलोनची आणि पाठीवर अडकलेला माणूस बचाव करणारा. त्याची उडी असामान्य उंच नव्हती. ६ फूट १० इंच उंचीच्या मानाने हातही लहान होते. त्यामुळे बॉल पहिल्या झटक्यात मुठीत आला नाही, तर बोटांनी वर टोलवत तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उडायचा, आणि या पुढच्या उड्या इतक्या झटपट असायच्या की समोरचा पहिल्या उडीतून खाली येईपर्यंत खेळ उरकलेला असायचा. प्रत्येक शॉट चुकणारच, असं धरून तो निघायचा. यातले जवळजवळ निम्मे शॉट अर्थातच आत जायचे आणि ते धावणं फुकट जायचं. पण पुढच्या शॉटला तो पुन्हा निघायचाच.

इथे एक भेद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही कामं अशी असतात की एकाने केली नाहीत तर दुसरा करतो. आणि काही अशी, की त्या माणसाने केली नाहीत तर ती होतच नाहीत. दोन्हींना कष्ट पडतात, दोन्ही हिशेबाच्या वहीत एकाच रकान्यात जातात, पण त्यांची किंमत एक नसते. डिफेन्सिव्ह रीबाउंड हे बहुतांशी पहिल्या जातीचं काम. समोरच्याचा शॉट चुकला, तेव्हा रिंगभोवती आपलीच माणसं जास्त आणि जागाही आपलीच. बॉल कोणाच्या तरी हाती येणारच. ऑफेन्सिव्ह रीबाउंड दुसऱ्या जातीचा: बॉल समोरच्या संघाचा होऊन गेल्यातच जमा असतो आणि एक माणूस तो मागे खेचतो.

हा भेद मान्य केला की त्याची झळ आवडत्या नावांनाही लागते. विल्ट चेंबरलेनने २४ नोव्हेंबर १९६० रोजी रसेलच्या बॉस्टनविरुद्ध एकाच सामन्यात ५५ रीबाउंड घेतले. तो विक्रम आजही उभा आहे, आणि तो सामना चेंबरलेनचा संघ हरला. त्या काळी शंभरातले चाळीसच्या आसपास शॉट आत जायचे, म्हणजे उचलायला बॉलही पुष्कळ असायचे. रॉडमनने १९९१–९२ मध्ये १,५३० रीबाउंड घेतले. त्यातले ५२३ ऑफेन्सिव्ह, म्हणजे एक हजाराहून अधिक असे की त्यातले कित्येक शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यानेही घेतले असते. मलोनही यातून सुटत नाही. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं, तेव्हा चार्ल्स बार्कलीची सामन्यामागची रीबाउंडची सरासरी १२.८ वरून १४.६ वर गेली आणि बार्कली लीगमध्ये पहिला आला. एक गेला, दुसऱ्याने उचललं. म्हणून केवळ एकूण बेरजेवर एखाद्याला डोक्यावर घेणं थांबवायला हवं. ज्यांच्या बाजूने हा लेख उभा आहे, त्यांच्याही बाबतीत.

थोडं आडवळण घेऊन पीटर्सबर्गला जायला हवं. व्हर्जिनिया राज्यातल्या या छोट्या शहरात २३ मार्च १९५५ रोजी मलोन जन्मला. एकुलता एक, वडील लहानपणीच घर सोडून गेलेले. आई मेरी सुपरमार्केटमध्ये राबून घर चालवायची. शाळेच्या संघाने त्याच्या जोरावर सलग ५० सामने जिंकले. मेरीलँड विद्यापीठात जायचं जवळजवळ नक्की झालेलं असताना १९७४ मध्ये एबीए या प्रतिस्पर्धी लीगमधल्या युटा स्टार्सने पैसे पुढे केले आणि शाळेतून तो थेट व्यावसायिक खेळात गेला. आधुनिक काळात हे करणारा तो पहिला. केव्हिन गार्नेट याच वाटेने आला तो १९९५ मध्ये, मलोनची कारकीर्द संपताना. मग कोबी ब्रायंट, मग लेब्रॉन जेम्स. मलोनच्या वेळी मात्र अनेकांना ते पोराचं नुकसान वाटलं. तो बोलायचा कमी आणि पुटपुटत बोलायचा, म्हणून पत्रकारांनी त्याला बुद्धीने बेताचा ठरवून टाकलं. युटाचा संघ बुडाला. १९७६ मध्ये एबीए बंद पडून तिचे चार संघ एनबीएत सामील झाले, तेव्हा पोर्टलंडने मलोनला घेतलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच बफेलोला देऊन टाकलं. बफेलोने दोन सामन्यांत मिळून सहा मिनिटं खेळवून त्याला ह्यूस्टनला पाठवलं. एकविशीतल्या ज्या मुलाला दोन संघांनी काही दिवसांत हातावेगळं केलं, तो तीन वर्षांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हातांचं माप घेता येतं, उडी मोजता येते. प्रत्येक चुकीमागे धावण्याची तयारी संघ निवडणाऱ्यांच्या तक्त्यात बसत नव्हती.

१९८१ मध्ये ४० विजय आणि ४२ पराभव अशा जेमतेम कामगिरीच्या ह्यूस्टनला त्याने अंतिम फेरीत नेलं, वाटेत मॅजिक जॉन्सनच्या गतविजेत्या लेकर्सना हरवून. बॉस्टनसमोर संघ हरला. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला. ज्युलियस अर्व्हिंगचा तो संघ १९७७, १९८० आणि १९८२ असा तीनदा अंतिम फेरीत पडलेला होता. मलोन आला आणि १९८३ ची बाद फेरी त्यांनी १२ विजय, एक पराभव अशी संपवली. लेकर्सविरुद्धच्या शेवटच्या चार सामन्यांत मलोनचे रीबाउंड ७२, अब्दुल-जब्बारचे ३०. अब्दुल-जब्बार तेव्हा छत्तिशीचा होता, हे खरं. तो मलोनहून चार इंच उंच होता, हेही खरं.

आता विरोधी पक्ष. तो बोलतो तो नुसता शेरा नाही, पूर्ण विचारांती बनवलेलं मत आहे. प्रशिक्षक डॉक रिव्हर्स या मताचा खंदा पुरस्कर्ता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपला शॉट चुकला की बॉलमागे धावू नका, मागे फिरा. चार वेळा धावून एकदा बॉल मिळेल, उरलेल्या तीन वेळा समोरचा संघ मोकळ्या कोर्टवर धावत जाऊन सोपे गुण करेल. २०११–१२ मध्ये त्याच्या बॉस्टनने स्वतःच्या चुकलेल्या शंभर शॉटपैकी जेमतेम वीस परत मिळवले आणि तरीही तो संघ मायामीविरुद्ध विभागीय अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. सगळी लीग हळूहळू याच वाटेने गेली. मलोनच्या काळात संघ आपल्या चुकलेल्या शॉटपैकी सुमारे एक तृतीयांश परत मिळवायचे. २०२० च्या आसपास ते प्रमाण एक चतुर्थांशाच्याही खाली आलं.

या मताला उत्तर देणं सोपं नाही, कारण ते त्याच भेदावर उभं आहे. रिव्हर्सही म्हणतो की ऑफेन्सिव्ह रीबाउंड आपसूक होणारं काम नाही. म्हणूनच त्याची किंमत मोजावी लागते आणि ती परवडत नाही, एवढंच त्याचं पुढचं पाऊल. सरासरी खेळाडूच्या बाबतीत त्याचं गणित बरोबर आहे, हे मानायला हवं. पण मलोन सरासरीत बसत नाही. एनबीएत त्याने १,३२९ सामन्यांत ६,७३१ ऑफेन्सिव्ह रीबाउंड घेतले. दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट पॅरिश आहे: १,६११ सामने, ४,५९८ रीबाउंड. पावणेतीनशेहून जास्त सामने अधिक खेळूनही पॅरिश दोन हजारांहून मागे. (हा हिशेब लीगने १९७३–७४ पासूनच ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे रसेल आणि चेंबरलेन या यादीत नाहीत.) कोणत्याही खेळात पहिल्या आणि दुसऱ्यात इतकी दरी क्वचित असते.

आणि आता तो पहिला शेरा वेगळा दिसू लागतो. फिलाडेल्फियाच्या दिवसांत मलोनचं शॉटचं प्रमाण पन्नासच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली उतरलं. जवळून फेकायचं, चुकलं तर उचलायचं, पुन्हा फेकायचं, असं तो करायचा, आणि त्या वर्षांत आधीपेक्षा जास्त. तेव्हा "तो आपलेच शॉट उचलायचा" यात तथ्य आहे. पण ते खोडून काढायची गरजच उरत नाही. ज्याला आपला चुकलेला शॉट कुठे पडणार हे इतरांआधी कळतं आणि तिथली जागा ज्याने आधीच धरून ठेवली आहे, त्याच्यासाठी पहिला शॉट म्हणजे स्वतःलाच दिलेला पास. दोघातिघांनी घेरलेलं असताना तो बॅकबोर्डवर मारायचा, बॉल परत घ्यायचा आणि आता ते दोघेतिघे उडी संपवून खाली येत असायचे. त्यातून बास्केट व्हायची किंवा फाउल मिळायचा. ५८७ च्या त्या हंगामात त्याला ८११ फ्री थ्रो मिळाले. बॉल प्रतिपक्षाला मिळाला नाही, एवढाच संघाच्या दृष्टीने प्रश्न. तो कोणाच्या चुकीतून आला, याने काही बिघडत नाही. आरोप म्हणून जे सांगितलं जातं, तीच या खेळाडूची सगळ्यात मोठी बुद्धी आहे.

ही बुद्धी शिकवता येते का? मलोनने तरी ती शिकवली. ह्यूस्टनच्या फॉन्डे क्रीडा केंद्रात उन्हाळ्यात तो खेळायला यायचा. नायजेरियाहून आलेला विद्यापीठातला विद्यार्थी हकीम ओलाजुवॉन तिथे त्याच्यासमोर उभा राहायचा. मलोन अंगाने रेटायचा, आणि ओलाजुवॉनने फाउल मागितला तर तो कोणी द्यायचं नाही. पुढे ओलाजुवॉन दोन हंगाम रीबाउंडमध्ये पहिला आला आणि ह्यूस्टनला त्याने १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदं मिळवून दिली. फिलाडेल्फियात नवख्या बार्कलीला मलोनने तोंडावर सांगितलं, तू जाड आहेस आणि आळशी आहेस, आणि वजन उतरवून घेतलं. बार्कली त्याला जन्मभर वडिलांच्या जागी मानत राहिला. बार्कलीच्या त्या १४.६ च्या सरासरीकडे हे कळल्यावर पुन्हा पाहावं लागतं. तो बॉल कोणीतरी उचललाच असता, हे खरं. पण उचलणाऱ्याला मलोननेच घडवलं होतं.

मलोन १३ सप्टेंबर २०१५ रोजी, साठाव्या वर्षी, गेला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, २०२४–२५ च्या हंगामात, ऑफेन्सिव्ह रीबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आलेला संघ ह्यूस्टनचाच होता. स्टीव्हन ॲडम्ससारखा अंगापिंडाने दणकट सेंटर कमी मिनिटं खेळून हे काम करत होता. संघाने ५२ सामने जिंकले, आणि बॉलमागे धावणाऱ्या त्या संघाचा बचाव लीगमधल्या उत्तम बचावांपैकी एक होता. एक तर धावा किंवा मागे फिरा, अशी जी निवड रिव्हर्सने खेळाडूंपुढे ठेवली होती, ती ह्यूस्टनने मानली नाही.