मुक्कामावर मागे राहिलेला

तैपूसमच्या उत्सवासाठी मुरुगनच्या पळनीला पायी निघालेल्या दोन जत्थ्यांचा मुक्काम तमिळनाडूतल्या स्वामीमलैला एकाच मंडपात पडला. दोन्ही वेगवेगळ्या गावांचे. रात्री एकत्र जेवले, एकमेकांच्या तळपायांना तेल लावलं, शेजारी शेजारी झोपले. पहाटे एका जत्थ्यातल्या म्हाताऱ्याला पाऊल टेकवेना. घोटा सुजला होता. त्याचे लोक त्याची पिशवी त्याच्या उशाशी ठेवून निघून गेले. त्याच्यापाशी थांबला तो दुसऱ्या जत्थ्यातला विशीतला मुलगा, आदल्या रात्री पहिल्यांदा भेटलेला. त्याचे सोबतीही पुढे गेले.

माझा भाचा या गावात एका स्थपतींकडे पंचधातूचं ओतकाम शिकतो. त्याला तमिळ येतं, त्यानेच चौकशी करून मला हे सांगितलं. तो नारळाच्या झावळीची पट्टी घेऊन बसला होता. होऊ घातलेल्या मूर्तीच्या उंचीची पट्टी कापायची, तिला घड्या घालायच्या आणि त्या घड्यांवरून चेहरा, छाती, मांडी यांची मापं धरायची, ही इथली रीत. बोलताना त्याची बोटं घड्या घालतच होती.

"मुलगा चुकला," मी म्हटलं. "व्रत घेऊन घराबाहेर पडलाय तो. जत्था ही त्याने आपणहून पत्करलेली शिस्त. एका रात्रीच्या ओळखीसाठी ती मोडायची?"

"मावशी, किती रात्रींची ओळख असली म्हणजे मोडायची?"

"रात्री मोजायच्या नसतात रे. माउलींची पालखी घे. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीची जागा ठरलेली. आषाढी एकादशी कुणासाठी पुढे ढकलता येत नाही. लाखो माणसं चालू शकतात, कारण एकासाठी चालणं थांबत नाही. आजाऱ्याची सोय असते ना. वैद्यकीय पथकं असतात, रुग्णवाहिका असतात, दिंडीचा ट्रक असतो. दया ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, तिची व्यवस्था लावली आहे."

"रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसतं?"

मी त्याला समाजआरतीचं सांगितलं. पालखी मुक्कामाला पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन तक्रार ऐकून घेतो. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. एवढ्या गर्दीत एका दिंडीचं म्हणणं ऐकण्यासाठी बाकी सगळे गप्प उभे राहतात, याचा मला फार अभिमान आहे आणि तो मी त्याच्यापुढे लपवला नाही.

"पुकारा हरवलेल्याचा होतो," तो म्हणाला. "मागे ठेवलेला माणूस हरवलेला नसतो. तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं."

यावर मी उत्तर शोधत असतानाच तो पुढे म्हणाला, "पालखी थांबू नये, कबूल. पण तू म्हणजे पालखी नव्हेस."

इथे आम्ही बराच वेळ अडकलो. प्रत्येकजण असं म्हणाला तर पालखी उरेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, उरेल की. फक्त प्रत्येक आजाऱ्यापाशी एक माणूस बसलेला असेल, बाकीचे लाखभर चालतच राहतील. थांबायचं कुणी हे ठरवणार कोण, मी विचारलं.

"ज्याच्या लक्षात आलं तो."

"हा अन्याय आहे. ज्याने मान खाली घालून वाट धरली तो सुटला, आणि ज्याने वळून पाहिलं त्याचीच वारी बुडाली. वळून न पाहणंच शहाणपणाचं ठरेल अशाने."

त्याने पट्टी बाजूला ठेवली. "अन्याय आहे खरा. पण तो थांबणाऱ्याने सोसायचा की पाय सुजलेल्याने, एवढंच ठरवायचं उरतं."

मी म्हटलं, दुसरी बाजूही बघ. आजाऱ्यालाच नको असतं. आपल्यापायी कुणाचं दर्शन चुकलं हे ओझं सुजलेल्या पायापेक्षा जड असतं. तो म्हाताराही त्या मुलाला हातवारे करून सांगत असणार, जा बाबा, जा.

"सांगतच होता. दुसरं काय म्हणता येणार होतं त्याला?"

मग त्याने नाथांची गोष्ट काढली, ती काढणार हे मला ठाऊकच होतं. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, जायचं रामेश्वराला, आणि वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारं गाढव. एकनाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. मी म्हटलं, कावड नाथांची स्वतःची होती, तिचं पुण्य सोडायचा हक्क त्यांना होता. तो म्हणाला, या मुलाचं व्रत तरी दुसऱ्या कुणाचं होतं? "आणि नाथांबरोबरचे जे पुढे गेले, त्यांनी रामेश्वराला गंगा वाहिलीच असेल. त्यांना कुणी चुकीचं म्हटलेलं नाही. पण त्यांची गोष्ट कुणी सांगतही नाही."

नाथांपुढे माझं काही चालेना, तेव्हा मी महाभारतात शिरले. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमध्ये आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. युधिष्ठिराने मागे वळून पाहिलं नाही. धर्मराजाचा दाखला आहे हा.

"आणि कुत्र्यासाठी मात्र स्वर्गाच्या दारात अडून बसला. इंद्राने विचारलंच की त्याला, भावांना सोडलंस आणि कुत्र्याला का सोडत नाहीस?"

"त्याने उत्तर दिलंय. मेलेल्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही."

"मावशी, द्रौपदी पडली तेव्हा ती गेली आहे हे त्याला वळून न बघता कसं कळलं? भीमाने विचारलं, ही का पडली. धर्मराजाने कारण सांगितलं, अर्जुनावर तिचा जीव जास्त होता म्हणून. कारण सांगायला वेळ होता. वाकून नाडी बघायला नव्हता."

स्वामीमलैचा मुरुगन म्हणजे बापाला प्रणवाचा अर्थ सांगणारा मुलगा. शंकराने इथे शिष्य होऊन ते ऐकलं अशी कथा आहे. धाकट्याचं ऐकून घ्यायचं हेच गाव. तरीही मी गप्प बसले नाही, कारण एक गोष्ट मला खरी वाटते आणि अजूनही वाटते. मुक्कामावरची ओळख मोकळी असते, कारण तिच्यात पुढचं मागणं नसतं. सासवडच्या राहुटीत अनोळखी बाई आपल्या सुनेचं दुःख शेजारणीला सांगते, आपल्या डब्यातली चटणी देते, ते उद्या वाटा वेगळ्या होणार म्हणूनच. त्या चटणीबरोबर जबाबदारीही येऊ लागली तर माणसं हात आखडता घेतील.

"येऊ दे की, थोडी," तो म्हणाला. "त्या मुलाने म्हाताऱ्याला जन्मभर सांभाळायचं कबूल केलेलं नाही. त्याच्या मुलाला फोन केला, दवाखान्यात नेलं, मुलगा येईपर्यंत बसला. दुपारी मुलगा आला. आता हा बसने जाऊन आपल्या लोकांना गाठेल."

"बसने? मग पायी जायचा नवस?"

"नवस मुरुगनला केलाय, रस्त्याला नाही."

जत्थे पुढे गेले यात मला आजही गैर दिसत नाही. मात्र म्हाताऱ्याच्या स्वतःच्या गावच्या लोकांपैकी एकही मागे राहिला नाही, हे चूक होतं. परक्या मुलाला थांबावं लागलं ते त्यामुळे. तेव्हा येत्या आषाढात चालणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहाटे राहुट्या सोडताना कोण उठलं नाही ते बघा. दिंडीतल्या एकाने थांबावं, त्याला दवाखान्यात पोचवावं, घरी फोन लावावा, घरचं माणूस आलं की एसटी धरावी. फलटणला मागे राहिलेला माणूस बरडला नाही तर नातेपुत्याला दिंडीत परत येतो.